केंटे नक्की कोणाचं?

जून २०२०. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिकेच्या संसद भवनात डेमोक्रॅट नेते गुडघे टेकून बसले होते. गळ्यात रंगीबेरंगी पट्टे. घानाचं केंटे. त्या फोटोवरून तेव्हा बरीच भांडणं झाली. मी मात्र त्या कापडाच्याच मागे लागलो.

आधी सापडते ती ठरलेली गोष्ट. बोनवायर गावच्या दोघांनी जंगलात कोळ्याला जाळं विणताना पाहिलं, घरी येऊन तसंच विणून बघितलं आणि केंटे जन्मलं. पुढे ते असांते राजांचं कापड झालं. परदेशी रेशमी कापड उसवून त्याचे धागे वापरायचे, आणि काही नक्षी तर राजाशिवाय कोणी अंगावर घ्यायची नाही.

गोष्ट छान आहे, पण अर्धी आहे. घानाच्या आग्नेय भागात आणि शेजारच्या टोगोत एवे लोक राहतात. तेही पिढ्यान् पिढ्या विणतात. त्यांच्याकडे असांतेसारखा सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक राजा नव्हता. छोटी छोटी राज्यं होती. त्यामुळे कापडावर दरबाराची तशी पकड नव्हती. ज्याची ऐपत असेल त्याने विणकराला सांगावं आणि हवं ते विणून घ्यावं. बहुतेक कापड सुती. त्यात मासा, पक्षी, हात, बसायचं स्टूल अशी चित्रं धाग्यांतच उमटवलेली. कापडांना नावंही असतात. एकाचं नाव 'अन्लोगाची सभा'. म्हणजे ज्या गावात लोक एकत्र बसून निर्णय घेतात, त्या गावाची आठवण अंगावर पांघरायची!

नावावरूनही वाद आहेच. असांते म्हणतात, टोपलीसाठीच्या आमच्या शब्दावरून 'केंटे' आलं. एवे म्हणतात, 'के' म्हणजे धागे उघडणं आणि 'टे' म्हणजे दाबून बसवणं. विणकर दिवसभर तेच तर करतो. बोटभर नव्हे, चांगली चार इंच रुंदीची लांबच लांब पट्टी विणायची, मग तुकडे करून शेजारी शेजारी शिवायचे. पुरुषाच्या एका मोठ्या वस्त्राला अशा वीसेक पट्ट्या सहज लागतात.

आता मुद्द्यावर येतो. १८८४ मध्ये जर्मनांनी टोगोलँड घेतला. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश आणि फ्रेंचांनी तो वाटून घेतला. १९५६ च्या सार्वमतानंतर ब्रिटिशांकडचा भाग गोल्ड कोस्टला जोडला गेला आणि १९५७ मध्ये त्याचा घाना झाला. एवे लोक सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना राहिले. भाषा तीच, माग तोच, पासपोर्ट मात्र वेगळे.

गिरणीत छापलेल्या स्वस्त नकलांचा पूर आल्यावर घानाने १९८५ च्या कॉपीराइट कायद्यात केंटेची नक्षी 'लोकपरंपरा' म्हणून घेतली आणि तिचे हक्क सरकारकडे ठेवले. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही केंटे आलं, घानाच्या नावाने. चांगलंच झालं. पण मग सरहद्दीपलीकडे टोगोत तशीच पट्टी विणणाऱ्या एवे विणकराने काय समजायचं? आणि घानातल्या विणकराला तरी त्यातून काय मिळतं? मागावर तो बसतो, हक्क सरकारचा, आणि छापील नकलेचा नफा तिसऱ्याचाच.

मला यात कोणाला खोटं पाडायचं नाही. असांतेंचं केंटे अस्सल आहे, एव्यांचंही. पण इतिहासात राजाची गोष्ट आधी लिहिली जाते, मग देशाची. विणकराची राहूनच जाते. म्हणून यापुढे कुठे केंटे दिसलं, तर 'राजाचं कापड' म्हणून थांबू नका. ते कोणाच्या हातचं आहे, आणि हातचं आहे की छापलेलं, एवढं तरी विचारा.