मनसुबा : शतरंजच्या पटावरून मराठीत

‘शत्रूचे मनसुबे उधळले’ असे आपण मराठीत सहज लिहितो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हा शब्द मला दोन्हीकडे भेटतो. अरबीत ‘मन्सूब’ म्हणजे मांडलेला, उभा केलेला. शतरंजच्या जुन्या पुस्तकांत सोडवण्यासाठी मांडलेल्या डावाला ‘मन्सूबा’ म्हणत. आज आपण ज्याला बुद्धिबळाचे कोडे म्हणतो, ते हेच.

भारतातले चतुरंग इराणात चतरंग झाले आणि अरबांकडे शतरंज. नवव्या शतकात अल-अदली याने शतरंजवर ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ हरवला, पण त्यातले डाव पुढच्या हस्तलिखितांत टिकले. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये अस-सूलीने खलिफा अल-मुक्तफीच्या दरबारातल्या अल-मावर्दीला हरवले. अस-सूलीचा एक मन्सूबा तर सुमारे हजार वर्षे सुटला नव्हता. तो 1980च्या दशकात रशियन ग्रँडमास्टर युरी अवेरबाख यांनी सोडवला.

तेव्हाचा खेळ संथ होता. वजीर तिरपे एकच घर चाले. आजच्या उंटाच्या जागी ‘फील’ असे, तो तिरपी दोन घरांची उडी मारी. म्हणून मन्सूबा रचणारे बहुधा अशी अट घालत, की पुढच्याच चालीत तुमच्यावर मात होणार आहे. मग प्रत्येक चाल शह देणारीच हवी. एक चाल वाया गेली की डाव संपला.

दिलारामचा मन्सूबा असाच. कथा अशी, की जुगारात सर्वस्व हरलेल्या नवऱ्याने अखेर बायकोच पणाला लावली. डाव हातचा जाताना तिनेच सुचवले : दोन्ही रुख द्या, पण मला वाचवा. रुख म्हणजे आपला आजचा हत्ती. पहिला रुख दिला, फीलच्या उडीने मागचा रुख मोकळा झाला, मग तोही दिला. शेवटी प्याद्याने शह आणि घोड्याने मात! पणाला लागलेल्या बाईलाच पट नीट दिसत होता, हे मला या कथेत महत्त्वाचे वाटते.

मराठीतून अरबी-फारसी शब्द वेचून काढावेत, असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांना मी मनसुबा, शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द दाखवतो. खेळ इथून गेला, शब्द तिथून आले. ते काढले, तर आपल्याच खेळाचा अर्धा इतिहास पुसला जाईल.