मागची चाकं मोठी का?

हॉट रॉडचा फोटो आपल्याकडे कुणालाही दाखवा, पहिला शब्द येणार "ट्रॅक्टर!" मागची चाकं भलीमोठी, पुढची लहान, मडगार्ड गायब, नाक जमिनीकडे झुकलेलं. इकडे दक्षिण कॅलिफोर्नियात ऑनसाइट आल्यापासून रविवारी सकाळी अशी एखादी गाडी धडधडत जाताना दिसते. आता ही स्टाइल झाली आहे, पण मुळात ती स्टाइल नव्हती, चक्क गणित होतं. आणि ट्रॅक्टरचं तर अजिबातच नव्हतं.

तर मंडळी, गोष्ट सुरू होते मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर. लॉस एंजेलिसपासून साधारण दीडशे किलोमीटरवर वाळवंटात हे सपाट, टणक मैदान आहे (पुढे तिथे एडवर्ड्स हवाई तळ झाला). गॅरेजात काम करणारी, हायस्कुलातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं जुन्या फोर्ड घेऊन तिथे जायची आणि कुणाची गाडी किती पळते ते मोजायची. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली आणि १९३८ मध्ये मुरॉकला तिची पहिली शर्यत झाली. इथे सुरुवातीला पिकअप मारायची घाई नसायची. वेग घ्यायला लांबच लांब जागा, आणि मोजला जायचा तो फक्त टोकाचा वेग.

आता गणित. १९३२ च्या फोर्ड व्ही-८ इंजिनाची ताकद ६५ अश्वशक्ती, आणि ती मिळायची मिनिटाला ३,४०० फेऱ्यांवर. जुन्या टायरवर ६.००-१६ असं लिहिलेलं असतं, म्हणजे रुंदी ६ इंच, रिम १६ इंच. (आपल्या जुन्या जीपचा हाच साइज. टाटा ४०७ चा ७.५०-१६.) या टायरची उंची ढोबळमानाने रुंदीइतकीच धरायची. म्हणजे ६.००-१६ चा व्यास सुमारे २८ इंच आणि ७.५०-१६ चा ३१ इंच. क्राउन-पिनियनचं प्रमाण ३.७८ धरलं, तर ताशी १०० मैलांना २८ इंची टायरवर इंजिनाला मिनिटाला साधारण ४,५०० फेऱ्या माराव्या लागतात. ३१ इंचीवर ४,१००. म्हणजे तीन इंचांत चारशे फेऱ्या वाचल्या!

हेच काम क्राउन-पिनियन बदलूनही होतं. पण त्या फोर्डचा प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत असायचा, त्यामुळे तिथे हात घालायचा म्हणजे गाडीचा मागचा अख्खा भाग सोडवायचा. शिवाय नवे गिअर विकत घ्यायला पैसे हवेत. त्यापेक्षा पॅकार्ड, कॅडिलॅकसारख्या श्रीमंतांच्या गाड्यांचा ७.००-१६ किंवा ट्रकचा ७.५०-१६ मिळवायचा आणि मागे चढवायचा. पाच नट काढले की काम झालं. थोडक्यात, मागचा टायर हा गरिबाचा गिअर होता. पुढे मात्र ५.०० किंवा ५.५०-१६, कारण तिथे नुसतं वजन आणि हवेला अडथळा. झुकलेलं नाक हा या सगळ्याचा फुकटचा परिणाम.

मग युद्ध आलं. जानेवारी १९४२ पासून टायर रेशनवर गेले आणि जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर अमेरिकेचं रबर जवळजवळ बंदच झालं. शर्यतीही थांबल्या. पोरं सैन्यातून परतली तेव्हा शर्यतींचा मुक्काम एल मिराजच्या तळ्यावर हलला होता आणि लवकरच टेड हॅलिब्रँडचं 'क्विक चेंज' आलं. डिफरन्शियलच्या मागचं झाकण उघडायचं, दोन छोटे गिअर बदलायचे, बस्स. टायरचं गिअर म्हणून असलेलं काम खरं तर इथेच संपलं. टायर मात्र मोठेच राहिले. डोळ्यांना सवय झाली होती ना!

तेवढ्यात ड्रॅग रेसिंग आलं. १९५० साली सांता आनाच्या विमानतळावर पाव मैलाच्या शर्यती सुरू झाल्या आणि सगळं गणित उलटलं. इथे जागेवरून सुटणं महत्त्वाचं, आणि त्याला उंच टायर उलट मारक! आता हवी होती पकड. पोरांनी जुन्या टायरवर बिननक्षीचं, रुंद, गुळगुळीत रबर चढवून घेतलं. आपल्या भाषेत रिमोल्ड. मग मॅसॅच्युसेट्सच्या मार्विन रिफ्किन यांच्या एम अँड एचने खास ड्रॅगसाठी टायर बनवले.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आपण शिकतो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. मग रुंद टायर कशाला? तर हा नियम रबराला नीट लागू पडत नाही. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत कणांत घुसतं, चिकटतं. घर्षणाचा गुणांक १ च्या वर जात नाही असं मानलं, तर पाव मैलाला ९ सेकंदांहून कमी वेळ लागणं शक्य नाही (करून बघा, दोन ओळींचं गणित आहे). १९६४ मध्ये डॉन गार्लिट्सने ७.७८ सेकंद घेतले, वेग ताशी २०१.३४ मैल. आणखी एक गंमत. त्या काळातले मऊ भिंतींचे ड्रॅग टायर सुटताना चुरगळतात आणि वेगात गेल्यावर केंद्रोत्सारी बलाने उंच होतात. म्हणजे टायर पुन्हा गिअर झालाच की!

म्हणून आज जुन्या हॉट रॉडला मागचे टायर निवडणं म्हणजे साल निवडणं. आमच्या क्लायंटकडच्या एका ज्येष्ठ गृहस्थांकडे वडिलांनी बांधलेली १९३२ ची रोडस्टर आहे. वडील गेले, टायर तेच आहेत. नक्षी कोरी करकरीत, कारण गाडी फारशी फिरलीच नाही. "बाबांनी स्वतः चढवलेत," म्हणून काढवत नाहीत. आणि त्याच गाडीतून नातीला फिरवायचंय.

मी वाकून बाजूवरचा कोड पाहिला. २००० सालापासून तिथे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. यांच्यावर तीनच होते. म्हणजे रबर पंचवीस वर्षांहून जुनं. तीन आकडे दिसले की नक्षी बघायचीच नाही, रबर आतून वाळलेलं असतं आणि हायवेवर तापलं की पापुद्रे सुटू शकतात. हे त्यांना सांगणं जरा जड गेलं, पण सांगितलं.

नवे घ्यायचे तर दोन रस्ते. टेनेसीतल्या कोकर टायरसारख्या कंपन्या जुन्या फायरस्टोनचे क्रॉसप्लाय, म्हणजे आपले 'नायलॉन' टायर, आजही नव्याने बनवतात. दिसायला अस्सल, पण रस्त्यातल्या चरांमागे धावतात आणि रात्रभर उभे राहिले की सकाळी थोडा वेळ ठकठक करतात. दुसरा रस्ता, क्रॉसप्लायसारखे दिसणारे रेडियल. दोन्हींची सरमिसळ करू नये. माझं मत रेडियलकडे होतं. त्यांनी मात्र ७.५०-१६ क्रॉसप्लायच घेतले, पुढेही नवे क्रॉसप्लाय, कारण १९४९ च्या फोटोत तसेच आहेत. चालेल. रबर ताजं आहे, हे महत्त्वाचं. जुने दोन गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलेत.

फक्त स्पीडोमीटरचं त्यांना लिहून दिलंय. तो २८ इंची टायरच्या हिशोबाचा आहे. काटा ६० वर असेल तेव्हा गाडी ६६ ने पळत असते.