किलिमांजारोचे वाटाडे आणि नाशिकचा तांडाप्रमुख

पनवेलच्या क्षितिजावर दिसणारा प्रबळगड आणि टांझानियातील किलिमांजारो या दोहोंचा जन्म लाव्ह्यातून झाला. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. किलिमांजारो त्या मानाने अगदीच तरुण. त्याची उंची 5,895 मीटर असून विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर असूनही माथ्यावर हिमनद्या आहेत. नवी मुंबईचे तरुण कलावंतीण सुळक्यावर जाताना प्रबळमाचीचा वाटाड्या सोबत घेतात, तो सोय म्हणून. किलिमांजारोवर मात्र परवानाधारक वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. या नियमामागचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा एक धागा थेट नाशिकपर्यंत येतो.

11 मे 1848. योहान्नेस रेबमान हा जर्मन मिशनरी मोंबासाजवळच्या रबाईहून चगा लोकांच्या मुलखाकडे निघाला होता. समोरच्या पर्वतावर त्याला काहीतरी पांढरे चमकताना दिसले. तांड्याचा म्होरक्या ब्वाना खेरी याला त्याने ते काय आहे असे विचारले. उत्तर एका शब्दाचे आले : ‘बेरेदी’, म्हणजे थंडी. किनाऱ्यावरच्या त्या माणसाजवळ बर्फासाठी वेगळा शब्द नव्हता, पण वस्तूचा गुण त्याने अचूक सांगितला. रेबमानने तो हिम असल्याचे ओळखले.

लंडनमध्ये मात्र डेझबरो कूली या विद्वानाने हे सारे दृष्टिभ्रम ठरवले. कूलीने आफ्रिकेत पाऊलही टाकले नव्हते, तरी त्याच्या शब्दाला वजन होते. पुढे 1862 मध्ये बॅरन फॉन डर डेकेन आणि ओट्टो केर्स्टेन सुमारे 4,200 मीटरपर्यंत चढले, त्यांच्यावर हिमवर्षाव झाला, आणि वाद जवळपास मिटला. 1871 मध्ये चार्ल्स न्यू हिमरेषेपर्यंत पोचला. सोबतचे लोक थंडीने एकेक करून मागे राहिले. अखेरपर्यंत टिकला तो तोफिकी नावाचा त्याचा सेवक. पर्वतारोहणाच्या इतिहासात न्यूचे नाव सहज सापडते, तोफिकीचे शोधावे लागते.

या प्रवासांची सारी व्यवस्था तांड्यावर चाले. सर्वांत पुढे ‘किरांगोझी’, म्हणजे वाट दाखवणारा. मागे डोक्यावर ओझे घेतलेले हमाल. वाटेतल्या राजांना नजराणा म्हणून कापड आणि मणी. युरोपीय प्रवासी नकाशा काढत असे. वाट, पाणी आणि कोणत्या राजाशी कसे बोलावे याचे ज्ञान मात्र तांड्याजवळ असे.

याच जगात नाशिक येते. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबते पकडत असे. सुटका झालेल्या मुलांपैकी काहींना मुंबईला आणून पुढे नाशिकजवळच्या शरणपूर येथे ठेवले जाई. डब्ल्यू. एस. प्राइस या मिशनऱ्याने वसवलेले हे ठिकाण. आज नाशिककर ‘शरणपूर रोड’ म्हणतात तेव्हा त्यातला ‘शरण’ शब्द कोणासाठी होता हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. तेथे या मुलांना अक्षरओळखीबरोबर हातचे हुन्नर शिकवले जात. ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखले जाणारे हे लोक पुढे आपल्या मूळ खंडात परतले, पण आता शिक्षित, अनेकभाषी आणि म्हणूनच मोलाचे मध्यस्थ म्हणून. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासातला जेकब वेनराइट शरणपूरचाच विद्यार्थी. 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीसोबत तो चालला.

1864 मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे रेबमानच्या मदतीला गेले. ज्याच्या डोळ्यांवर लंडनने विश्वास ठेवला नव्हता, त्या थकलेल्या मिशनऱ्याच्या शेजारी नाशिकचे हे तरुण उभे राहिले. जोन्सची कहाणी पुढे फार कठीण वळणावर गेली. 1885 च्या मार्चमध्ये किलिमांजारोच्या पायथ्याशी जाऊन आलेला बिशप हॅनिंग्टन त्याच वर्षी युगांडाच्या दिशेने निघाला, तेव्हा जोन्स त्याच्या तांड्यात होता. हॅनिंग्टन थोडी माणसे घेऊन पुढे गेला आणि ऑक्टोबरअखेरीस बुसोगात मारला गेला. मागे थांबलेला मोठा तांडा शेकडो मैल चालवत 1886 च्या आरंभी किनाऱ्यावर सुखरूप आणण्याचे काम जोन्सने केले. हॅनिंग्टन हुतात्मा म्हणून अजरामर झाला. तांडा परत आणणाऱ्याच्या वाट्याला तळटीप आली.

किलिमांजारोच्या माथ्याचा मान 1889 मध्ये हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर यांना मिळाला. मायरचे आधीचे दोन प्रयत्न फसले होते; दुसऱ्यात तर तो किनाऱ्यावरील बंडात कैद झाला आणि खंडणी देऊन सुटला. या वेळी त्याने उंचीवर तळ ठोकले आणि खालून दर काही दिवसांनी ताजे अन्न वर पोचेल अशी साखळी उभी केली. ही साखळी म्हणजे माणसे होती. सुमारे 4,300 मीटरवरच्या तळावर पांगानीचा म्विनी अमानी दोघांसाठी राबत राहिला. हिमभिंतीत कुऱ्हाडीने पायऱ्या खोदण्याचे कौशल्य आल्प्सचे होते, हे मान्य केलेच पाहिजे. त्या भिंतीपर्यंत माणूस जिवंत आणि पोटभर पोचवण्याचे कौशल्य आफ्रिकेचे. 6 ऑक्टोबरला, पुर्टशेलरच्या चाळिसाव्या वाढदिवशी, दोघे शिखरावर होते. मायरने त्याला कैसर विल्हेल्मचे नाव दिले. टांगानिकाच्या स्वातंत्र्यानंतर ते ‘उहुरू’ झाले. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य.

शंभर वर्षांनी, 1989 मध्ये, मरांगू गावचा अतिवृद्ध योहानी किन्याला लाउवो याचा त्या पहिल्या मोहिमेचा वाटाड्या म्हणून गौरव झाला. सरकारने त्याला घर दिले. 1996 मध्ये तो वारला तेव्हा त्याचे वय सव्वाशेच्या घरात सांगितले गेले. मायरच्या ग्रंथात त्याचे नाव येत नाही, म्हणून अभ्यासक साशंक आहेत. पण ज्या ग्रंथांत वाटाड्यांची नावे लिहिण्याची रीतच विरळ होती, त्यांत नाव नसणे हा एकटाच पुरावा फार दुबळा आहे. वयाची शंका अधिक वजनदार.

मरांगूच्या प्रवेशद्वाराशी आता मायरच्या फलकासोबत स्थानिक वाटाड्यांच्या नावांचाही फलक आहे. हमालाच्या पाठीवर वीस किलोंहून अधिक ओझे नसावे असा नियम आहे आणि त्यासाठी सामान काट्यावर चढते. वरचे हिम मात्र 1912 ते 2007 या काळात सुमारे 85 टक्क्यांनी घटले. मायर आणि पुर्टशेलरने जेथे पायऱ्या खोदल्या, त्या हिमाचा बराच भाग आज उघडा खडक आहे.