चाक अधांतरी धरण्याची विद्या

सुरतेचे नाव निघाले की मराठी वाचकास शिवछत्रपतींची १६६४ ची स्वारी आणि इंग्रजांची वखार एवढेच बहुधा स्मरते. परंतु तापीकाठच्या या बंदराची प्रतिष्ठा ज्या कसबांवर उभी होती, त्यांत जहाजे बांधण्याचे व दुरुस्तीचे कसब अग्रगण्य होते, आणि अवजड वस्तू भूमीपासून अलग धरून, तिचा तोल ढळू न देता, तिच्या तळाशी काम करणे हे त्या कसबाचे मर्म होते. आधी टेकू, मग हत्यार, हा तेथला क्रम. हीच विद्या घेऊन जहाजबांधणीतले कारागीर लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस गेले, आणि १७५० साली तेथे कोरडी गोदी सिद्ध झाली.

आज सुरतेतल्याच उधना-लिंबायतेकडे, जेथे खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे दाटीने राहतात, एखादा तरुण मोटारसायकल, चाक जमिनीपासून उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडवर चढवून साखळी धुताना दिसला, की मला जहाजे बांधणाऱ्या त्या सुतारांची आठवण होते.

आरंभीच्या मोटारसायकलींना हा आधार जन्मतःच लाभलेला होता. मागच्या चाकाच्या आसापाशी बिजागरीने जोडलेला स्टँड खाली सोडून गाडी मागे ओढली की चाक अधांतरी होई, आणि कित्येक गाड्या तशाच स्थितीत पायडल मारून सुरू करीत. पुढे गाडीच्या पोटाखालचा मेन स्टँड रूढ झाला. शर्यतीच्या गाड्यांवर मात्र वजन वाढते आणि वळणावर झुकताना स्टँड जमिनीस घासतो म्हणून त्यास जागा उरली नाही. तेव्हा धावपट्टीलगतच्या आवारात, म्हणजे पॅडॉकमध्ये, वेगळा स्टँड ठेवण्याची तजवीज झाली. शर्यतीची ती घडण रस्त्यावरच्या गाड्यांतही उतरली. चाकणला तयार होणारी ड्यूक २०० ही गाडी २०१२ साली मेन स्टँडवाचूनच बाजारात आली, आणि कारखान्याने सोडलेला जिम्मा मालकाकडे आला.

तो पार पाडताना पहिली खबरदारी जमिनीची. पार्किंगच्या फरशीला पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार दिलेला असतो, आणि स्टँडची लहान चाके त्या उतारावर निमूटपणे सरकतात. म्हणून सपाट जागा निवडून, पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळून, गाडी सरळ धरण्यास दुसरा माणूस घ्यावा. स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या भुजेच्या, दोन्ही बॉबिना स्टँडच्या खाचांत नीट बसल्या आहेत हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून स्टँडचा दांडा दाबू नये. दांडा पुरता खाली गेला की खाचा स्टँडच्या चाकांच्या आसापलीकडे जातात आणि गाडीचे वजनच स्टँडला रोखून धरते. पुढचे चाक उचलायचे असल्यास आधी मागचे स्थिर करावे. साखळी पुसताना एंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवावे, कारण गियरमध्ये फिरणारी साखळी फडक्यासह बोट स्प्रॉकेटात ओढून नेते, आणि अशी तुटलेली बोटे गॅरेजवाल्यांस अपरिचित नाहीत. गाडी उतरविताना साइड स्टँड आधी बाहेर काढावा, दांडा नंतर सोडावा.