राज्यसभा
राज्यसभा : भारतीय संसदेचे वरिष्ठ व स्थायी सभागृह (→ लोकसभा; संसद). संविधानाच्या अनुच्छेद ८० नुसार ३ एप्रिल १९५२ रोजी ते स्थापन झाले. कमाल सदस्यसंख्या २५०. त्यांपैकी १२ राष्ट्रपतिनियुक्त, उर्वरित मुख्यतः विधानसभा सदस्यांनी प्रमाणशीर पद्धतीने निवडलेले. सदस्यांची मुदत सहा वर्षे. दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. उपराष्ट्रपती पदसिद्ध सभापती असतात.

धनविधेयक हे सभागृह फेटाळू शकत नाही. १४ दिवसांत केवळ शिफारशी करू शकते. मंत्रिमंडळही त्याला जबाबदार नसते. संविधानदुरुस्तीत मात्र ते लोकसभेच्या बरोबरीचे आहे, कारण तेथे संयुक्त बैठकीची तरतूद नाही. राज्यसूचीतील विषयावर संसदेला कायदा करू देणे (अनुच्छेद २४९) आणि नव्या अखिल भारतीय सेवेची वाट मोकळी करणे (अनुच्छेद ३१२), हे दोन्ही ठराव दोन-तृतीयांश बहुमताने केवळ येथेच होतात. संघराज्याच्या दृष्टीने हेच राज्यसभेचे खरे सामर्थ्य. महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत, गोव्याची एक.