अवतरणचिन्हांची मर्यादा : सुरतेच्या एका सभेच्या निमित्ताने

दुसऱ्याचे वचन आपल्या लेखात आधारास घेणे ही विद्येची फार जुनी रीत आहे. शास्त्रग्रंथांत पूर्वाचार्यांचे मत सांगून झाले म्हणजे ‘इति’ येते. पुराणाच्या पोथीत ‘श्रीशुक उवाच’ असे वाचले की पुढील बोलणे कोणाचे, याविषयी श्रोत्याच्या मनात संदेह उरत नाही. मराठी ओवीत हेच काम ‘म्हणे’ आणि ‘ऐसे’ हे शब्द करीत आले. बोलणाऱ्याची हद्द शब्दांनीच आखली जात असे. तिच्यासाठी निराळे चिन्ह नव्हते. पोथ्यांत दंडापलीकडे विरामचिन्ह क्वचितच आढळते, आणि मोडी कागदांत तर शब्दाशब्दांत अंतरही सोडलेले नसते.

छापखाने आणि इंग्रजी धर्तीच्या शाळा आल्या, तेव्हा ही स्थिती पालटली. मेजर टॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका लिहून मराठी गद्याला या खुणांची शिस्त लावण्याचा यत्न केला. त्यांपैकी अवतरणचिन्हाची गरज मराठीला विशेष आहे. इंग्रजीत परक्याचे बोलणे आपल्या वाक्यात सांगताना सर्वनाम बदलते. मराठीत ते पुष्कळदा जसेच्या तसे राहते. ‘मास्तर म्हणाले की मी उद्या येईन’ या वाक्यात येणारा कोण, मास्तर की निरोप सांगणारा? दोन लहान खुणांनी हा संशय फिटतो.

इतिहासलेखनात मात्र प्रश्न एवढ्याने सुटत नाही. खुणांच्या आत जे ठेवले, ते त्या व्यक्तीचेच शब्द आहेत अशी हमी लेखक देत असतो. ती हमी केव्हा द्यावी, हे समजण्यासाठी सुरतेचे एक उदाहरण घेण्यासारखे आहे.

‘मराठीचे पाणिनी’ म्हणून ओळखले जाणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) हे १८४० नंतरची काही वर्षे सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापक होते. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ सालीच प्रसिद्ध झाले होते. सुरतेत दुर्गाराम मंछाराम मेहता, म्हणजेच दुर्गाराम मेहताजी, व इतर काही स्नेही यांच्यासह त्यांनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापिली. एका ईश्वराची उपासना, मनुष्यमात्राची एकता, जातिभेदाला आणि जादूटोण्याला विरोध ही तिची दिशा होती. सभा फार काळ टिकली नाही; परंतु पश्चिम भारतातील सुधारणेच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे.

आता या सभेत दादोबा काय बोलले, हे आपल्याला कशावरून कळते? दुर्गाराम गुजरातीत नोंदी ठेवीत. त्या नोंदींतील मजकूर सुरतेचेच महीपतराम रूपराम नीलकंठ यांनी १८७९ साली लिहिलेल्या दुर्गारामांच्या चरित्रात आला. दादोबांनी स्वतःही सुरतेच्या दिवसांविषयी आत्मचरित्रात लिहिले. पण ते पुष्कळ काळानंतरचे स्मरण होय. म्हणजे एखाद्या मराठी निबंधकाराने चरित्रातले दादोबांचे वाक्य मराठीत आणून दुहेरी चिन्हांत बसविले, तर त्यात चार जणांचा हात असतो : बोलणाऱ्याचा, टिपणाऱ्याचा, चरित्रकाराचा आणि भाषांतर करणाऱ्याचा. एवढ्या हातांतून आलेले वाक्य ‘दादोबांचे शब्द’ म्हणून वाचकापुढे ठेवणे रास्त नव्हे. ‘महीपतरामांनी दिलेल्या वृत्तान्तानुसार’ असा उल्लेख करावा, भाषांतर आपले असल्यास तसे स्पष्ट म्हणावे, आणि आशयच सांगावयाचा असेल तर अवतरणचिन्हे मुळीच घालू नयेत.

हीच दक्षता खुणांच्या आतही हवी. मोडी पत्रातून उतरा घेताना त्यात घातलेला प्रत्येक स्वल्पविराम हा उतरा घेणाऱ्याचा निर्णय असतो. समजा, सुरतेच्या पेढीवर पत्र आले : ‘हुंडी ठेवावी नाही धाडावी.’ स्वल्पविराम ‘ठेवावी’नंतर दिला तर हुंडी पेढीवरच राहते, ‘नाही’नंतर दिला तर ती निघून जाते! म्हणून मुळात चिन्ह नसेल, तर ते आपण घातले असे लेखकाने सांगावे. आपला शब्द मध्ये घालणे भाग पडल्यास तो चौकटी कंसात ठेवावा. मजकूर गाळल्यास तीन टिंबे द्यावी. मात्र गाळलेल्या शब्दांनी अर्थ फिरत असेल, तर टिंबेही लेखकाला दोषमुक्त करीत नाहीत. अवतरणातील अवतरण एकेरी चिन्हांत जावे. मोठा उतारा किंवा पद्य समासापासून आत सरकवून स्वतंत्र मांडावे, म्हणजे चिन्हांची गरज राहत नाही. पूर्णविराम मूळ वाक्याचा असेल तर चिन्हाच्या आत, आपल्या वाक्याचा असेल तर बाहेर.

हे नियम कोणास केवळ मुद्रिततपासनिसाची कामे वाटतील. पण दादोबांचेच उदाहरण पाहा. सुरतेच्या सभेतील त्यांची रूढीविरुद्धची मते तेवढी उचलली, तर ते परंपरेचे वैरी दिसतात. याच दादोबांनी पुढे १८६५ साली मोरोपंतांच्या ‘केकावली’वर, ईश्वराला आळविणाऱ्या त्या काव्यावर, ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका लिहिली. तिच्यातील उतारे तेवढे घेतले, तर सुधारक दादोबा नाहीसे होतात. प्रत्येक उतारा अक्षरशः खरा असूनही चित्र खोटे ठरू शकते. देवळाचा अभिमानी असो वा सुधारणेचा, दोघांनीही आपल्या सोयीचे अर्धे वाक्य तोडून घेण्याचा मोह आवरला पाहिजे.

या बाबतीत आपल्याच मातीतील एक नाव आदराने घ्यावेसे वाटते. मंगेशाच्या प्रियोळ गावी १८९५ साली जन्मलेले अ. का. प्रियोळकर यांनी दादोबांचे आत्मचरित्र १९४७ साली संपादून प्रसिद्ध केले. रघुनाथपंडितांचे ‘दमयंती-स्वयंवर’, मुक्तेश्वरांच्या महाभारताचे आदिपर्व अशा ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्यांत त्यांनी पोथ्या ताडून पाहण्याचे कष्ट घेतले. कवीचा शब्द कोणता आणि लेखनिकाचा कोणता, हे निवडून काढणे म्हणजे पाठचिकित्सा होय. आणि अवतरण देणारा प्रत्येक निबंधकार तेच काम लहान प्रमाणावर करीत असतो.

कीर्तनकार अभंग म्हणतो आणि मग निरूपण करतो. अभंग कोठे संपला आणि निरूपण कोठे सुरू झाले, हे त्याच्या स्वरावरून श्रोत्याला कळते. कागदाला स्वर नसतो. तेथे ती मर्यादा दाखविण्याचे काम या चिमुकल्या खुणांकडे आले आहे. जो आपला पक्ष मांडू शकत नाही, अशा दिवंगताचे वचन त्यांच्यामध्ये ठेवलेले असते. ते ठेवीप्रमाणे जपावे, आणि जसे घेतले तसेच परत करावे.