‘देपार्तमाँ’ म्हणजे काय?

‘डिपार्टमेंट’ म्हटले की आपल्याला एखाद्या कचेरीतील खाते आठवते. फ्रान्समध्ये मात्र हाच शब्द, तेथील उच्चाराप्रमाणे ‘देपार्तमाँ’, साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या प्रदेशासाठी वापरतात. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे? मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ आहे वाटणी करणे. काम वाटले की खाते होते, प्रदेश वाटला की जिल्हा होतो. आपला ‘विभाग’ हा शब्दही असाच आहे. शिक्षण विभाग आणि कोकण विभाग, दोन्ही आपण सहज बोलतो.

1789 च्या क्रांतीपूर्वी फ्रान्समध्ये ब्रिटनी, नॉर्मंडी, बर्गंडी असे जुने प्रांत होते. ठिकठिकाणचे कायदे, कर, इतकेच काय, वजने-मापेही वेगवेगळी होती. सर्व नागरिक समान मानायचे, तर हे चालणार नव्हते. म्हणून त्याच वर्षी तूरे या सभासदाने समितीच्या वतीने राष्ट्रीय सभेपुढे एक योजना मांडली. पॅरिसखेरीज देशाचे 80 चौरस करायचे. प्रत्येकाची बाजू 18 लीग, म्हणजे सुमारे 70 किलोमीटर. प्रत्येक चौरसाचे नऊ लहान चौरस आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा नऊ. बाजू 18, मग 6, मग 2. किती सोपे गणित!

पण माणसे काही चौरसांत राहत नाहीत. सारखे क्षेत्रफळ म्हणजे सारखी लोकसंख्या नव्हे, असा आक्षेप मिराबो यांनी घेतला. मुख्य ठिकाण आपलेच व्हावे म्हणून शहरेही भांडू लागली. अखेर सरळ रेषा वाकल्या. जुन्या प्रांतांच्या सीमा बऱ्याच ठिकाणी राखल्या गेल्या आणि 1790 च्या आरंभी 83 देपार्तमाँ ठरले. नावांतून मात्र जुने प्रांत गेले. त्यांच्या जागी मार्नसारख्या नद्या आणि ज्युरासारखे डोंगर आले.

आज युरोपातील फ्रान्समध्ये 96 देपार्तमाँ आहेत. तरीही ब्रिटनीचा माणूस स्वतःला ब्रेटन म्हणवतोच. राज्यकारभाराची वाटणी कायद्याने होते, आपलेपणाची होत नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर मुलांना समान चौरस आखू द्यावेत. कोणते गाव आपल्या बाजारापासून तुटले, कोणाच्या वाटेत नदी आली, हे मुलांनीच शोधावे. समान वाटणी आणि न्याय्य वाटणी यांतला फरक मग वेगळा शिकवावा लागणार नाही.